श्रावणात दारू सोडताय? आधी सरकारी दवाखान्याची पायरी चढा

नमस्कार श्रोतेहो.

आषाढ संपत आलाय. अमावास्या झाली की श्रावण लागेल, आणि श्रावणात बाटलीला हात लावायचा नाही हा नेम आपल्याकडे कितीतरी घरांत पाळला जातो. नेम चांगलाच आहे, अधूनमधून घेणाऱ्याला तो पाळताना काही त्रासही होत नाही. पण जो वर्षानुवर्षं रोज पितो, त्याने अमावास्येच्या रात्री शेवटची घेऊन दुसऱ्या दिवसापासून एकदम बंद केली, तर ते जिवावर बेतू शकतं. आजचं बोलणं त्याच्यासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी आहे. दारू जरूर सोडा, पण औषधाच्या आधाराने सोडा. ते औषध सरकारी रुग्णालयात मिळतं.

आधी ओळखायचं कसं? सकाळी चहा दिला की कप बशीवर खडखडतो, दोन्ही हातांनी धरावा लागतो. बँकेत सही जुळत नाही. मग एक घोट पोटात गेला की हात स्थिर होतो. हे दिसलं, की शरीर दारूवर अवलंबून झालंय असं समजा. दारू मेंदूला सुस्तावते. रोज सुस्तावणारा मेंदू जागं राहण्यासाठी आपला वेग वाढवून घेतो. दारू अचानक थांबली, की तो वाढलेला वेग तसाच राहतो आणि त्याला आवरणारं काही उरत नाही.

त्यामुळे शेवटच्या घोटापासून घड्याळ लावा. साधारण ६ तासांनंतर थरथर, घाम, मळमळ, धडधड सुरू होते आणि झोप उडते. ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. खरा धोका पुढे, दुसऱ्या ते चौथ्या दिवशी असतो. माणूस बरळायला लागतो, भिंतीवर किडे दिसतात म्हणतो, पांघरुणावरचं काहीतरी वेचत राहतो, बायकोला ओळखत नाही, अंगात ताप चढतो. घरच्यांना वाटतं बाहेरचं काही लागलं, आणि नेमके मोलाचे तास देवऋषाकडे जातात. उपचार झाले नाहीत तर या अवस्थेत माणूस दगावतो. खोलीत कोंडून ‘उतरू दे, चार दिवसांत ठीक होईल’ म्हणणाऱ्यांनी हे नीट ऐकावं.

फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा. तोंडात चमचा घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. १०८ला फोन करा.

आता जायचं कुठे? जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार विभागात. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतही व्यसनाचे उपचार होतात. ‘मनोरुग्णालय’ या शब्दाला बिचकू नका. १९८६ साली पुण्यातलं मुक्तांगण सुरू झालं तेही येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्याच आवारात. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं या निर्णयात येत नाहीत, तिथे केसपेपरचे आणि तपासणीचे थोडे पैसे लागू शकतात. तालुक्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञ रोज नसतात, ठरलेल्या वारी येतात. तो वार आधी विचारून घ्या, नाहीतर हेलपाटा होतो आणि मोठ्या मुश्किलीने तयार झालेला माणूस परत फिरतो.

डॉक्टरांना चार गोष्टी स्पष्ट सांगा. रोज किती, म्हणजे क्वार्टर किती आणि देशी की विदेशी. शेवटची कधी घेतली. आधी सोडताना फिट आली होती का, बरळला होता का. आणि दारूसोबत गोळ्या, गांजा किंवा आणखी काही चालू आहे का. लाजेपोटी आकडा निम्मा सांगितला, तर औषधही निम्मंच मिळतं. फिट किंवा बरळणं आधी कधी झालं असेल, तर गोळ्या घेऊन घरी जाऊ नका, भरतीच करा. थरथर शमवणाऱ्या गोळ्या पाच ते दहा दिवसांत कमी करत बंद केल्या जातात. त्या मेडिकलमधून परस्पर आणून देऊ नका. त्या गोळ्यांवर कोणी दारू प्यायलं तर श्वास मंदावतो.

एक गोष्ट फार ठिकाणी चुकते म्हणून तिच्यावर थांबतो. आपल्याकडे अशक्त माणूस दिसला की नातेवाईक म्हणतात, ‘डॉक्टर, एक सलाईन लावा.’ रोज पिणाऱ्याचं जेवण तुटलेलं असतं, शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, संपत आलेलं असतं. त्यावर नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढलं, तर उरलंसुरलं थायमिनही ते ग्लुकोज जिरवण्यातच खर्च होतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. डोळे हलायला लागतात, तोल जातो, माणूस गोंधळतो. बघणारे म्हणतात, ‘पुन्हा प्यालाय.’ आणि विस्मरण कायमचं राहू शकतं. म्हणून कुठल्याही दवाखान्यात सलाईन लावण्याआधी ‘हे रोज दारू घेतात’ एवढं सांगा. थायमिनचं इंजेक्शन आधी किंवा सोबत दिलं की हा धोका टळतो.

दुसरी चूक पिणाऱ्याच्या नकळत गोळी देण्याची. दारू सोडवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या डायसल्फिराम नावाच्या गोळीवर दारू घेतली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. ती भाजीत किंवा चहात कालवून देणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. ताईंनो, तुमची अगतिकता आम्हाला कळते, तरी हे करू नका. शेवटच्या दारूनंतर किमान १२ तास गेल्यावर, यकृताची तपासणी करून, त्याच्या संमतीनेच ती सुरू होते. बंद केल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहतो.

निवासी केंद्र निवडताना राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी विचारा. दारू आणि अमली पदार्थांच्या अतिसेवनातून येणारा मानसिक आजार २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात येतो. त्या कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला आणि एकट्याला कोंडून ठेवायला बंदी आहे. काही स्वयंसेवी केंद्रांना केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाचं अनुदान असतं, तिथे जागा आहे का ते १४४४६ या टोल फ्री क्रमांकावर विचारता येतं.

दहा दिवसांत थरथर थांबते, ओढ थांबत नाही. ती कमी करणारी औषधं आणि समुपदेशन महिनोन्‌महिने चालतं. २०१९ साली आलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसलं, की दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला काहीतरी उपचार मिळाले. जे आले त्यांतलेही बरेच ‘आता बरं वाटतंय’ म्हणून दुसऱ्या तारखेला फिरकत नाहीत. मग गणपतीत घसरण होते, पुढच्या श्रावणात पुन्हा औषधाविना एकदम बंद. अशी दरवर्षीची सोड-धर झाली, की प्रत्येक वेळचा त्रास आधीपेक्षा तीव्र होऊ शकतो. पहिल्याच वर्षी साधी थरथर झाली होती, म्हणून यंदाही तेवढ्यावर निभावेल असं धरून चालू नका.

घसरण झाली तर त्याच आठवड्यात दवाखान्यात या, महिना जाऊ देऊ नका. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. घरच्यांनीही तो लावायला हरकत नाही, रुग्ण तयार नसला तरी.

आणि केसपेपर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरात एकाच जागी ठेवा. पावसाळ्याचे दिवस आहेत, पुढच्या तारखेला तोच लागणार आहे.