जड फाइल मेलने पाठवताना

उद्यमबागेतल्या फाउंड्र्या, निपाणी-खानापुरातल्या पतसंस्था, बेळगावच्या शाळा आणि वकिलांची कार्यालये अशा निरनिराळ्या ठिकाणांहून आपण आला आहात. कामे वेगळी असली तरी टेंडरच्या शेवटच्या दिवशी मेल परत आल्यावर उडणारी धांदल सगळ्यांच्या ओळखीची आहे. माझे म्हणणे एवढेच, की फाइल जड होते ती स्कॅनरपाशी, आणि ती हलकी करायची जागाही तीच.

आधी मर्यादेविषयी. जीमेलवरून एका मेलसोबत 25 एमबीपर्यंतच्या फायली जाऊ शकतात. त्याहून जास्त असतील तर जीमेल त्या गूगल ड्राइव्हवर, म्हणजे गूगलच्या ऑनलाइन साठ्यात, ठेवून फक्त लिंक पाठवतो. पण आपली मर्यादा पाळली म्हणून काम झाले असे नाही, कारण पुण्याच्या कंपनीचा सर्व्हर 10 एमबीलाच दार लावत असेल तर तिथे तीच मर्यादा चालते. शिवाय 1982 साली ठरलेली मेलची पद्धत साध्या इंग्रजी मजकुरासाठी होती. फायली जोडण्याची सोय 1992 मध्ये आली आणि तेव्हापासून फाइलच्या दर तीन बाइटची चार अक्षरे करून ती पाठवली जाते. त्यामुळे वाटेत तिचा आकार तिसऱ्या हिश्श्याहून थोडा अधिक वाढतो, आणि 10 एमबीची मर्यादा संपूर्ण मेलला लागू असेल तर प्रत्यक्षात सुमारे सात एमबीचीच फाइल त्यात मावते.

मेल परत येतो तेव्हा सोबत इंग्रजीत एक निरोप येतो. तो न वाचता पुसून टाकण्याची सवय कृपया सोडा. त्यात 5.3.4 किंवा 5.2.3 हा आकडा दिसला तर मेल मर्यादेपेक्षा मोठा आहे, 5.2.2 दिसला तर समोरच्याची पेटी भरली आहे, आणि तिथे फाइल कितीही लहान केली तरी उपयोग नाही, फोनच करावा लागेल.

आता स्कॅनरकडे वळू. ए-फोर कागद 300 डीपीआयवर, म्हणजे एका इंचात 300 ठिपके धरून, स्कॅन केला की सुमारे 87 लाख ठिपके होतात. रंगीत स्कॅनमध्ये दर ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे आकुंचनापूर्वी एका पानाचे 26 एमबी. निव्वळ काळ्या-पांढऱ्यात तेच पान जेमतेम 1.1 एमबी. 600 डीपीआय निवडले तर हे सारे चौपट. ठरावाच्या प्रतीला किंवा बिलाला रंगाची गरज नसते. शिक्का आणि सही रंगीत दिसायलाच हवी असेल तर तेवढे एक पान रंगीत ठेवावे. मात्र 200 डीपीआयच्या खाली जाऊ नका, असे मी आग्रहाने सांगेन, कारण जमिनीच्या कन्नड उताऱ्यावर अक्षराखाली येणारी बारीक जोडाक्षरे आणि मराठी कागदावरचे रफार, अनुस्वार तिथे पुसट होतात, आणि नावातला एक अनुस्वार गेला तरी पुढे किती हेलपाटे पडतात हे आपण जाणता.

आपल्या भागात आणखी एक पद्धत रुळली आहे. मराठी किंवा कन्नड पत्र जुन्या फॉन्टमध्ये टाइप करायचे, समोरच्याकडे अक्षरे बिघडतात म्हणून त्याची प्रिंट काढायची आणि ती पुन्हा स्कॅन करायची. तेच पत्र युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, टाइप करून थेट पीडीएफ केले तर ते बहुधा काही केबीतच बसते आणि त्यातले शब्द बहुतेक वेळा शोधताही येतात. सहीसाठी स्कॅन करावेच लागले तर फक्त सहीचे पान करा.

झिप करण्याविषयी, म्हणजे फाइल आकुंचित करून बांधण्याविषयी, गैरसमज फार आहे. फोटो आणि स्कॅन केलेली पीडीएफ आधीच आकुंचित असतात, म्हणून झिपने त्यांत जवळजवळ काहीच घटत नाही. उलट, पॅटर्नची, म्हणजे ओतकामाच्या नमुन्याची, स्टेप फाइल (त्रिमितीय आराखडा) आतून साधा मजकूर असल्यामुळे झिपमध्ये बरीच लहान होते. फाउंड्रीतल्या मंडळींनी ती नेहमी झिप करूनच पाठवावी.

एवढे करूनही फाइल मोठीच राहिली तर लिंक द्यावी, पण ‘लिंक असलेल्या कोणालाही’ अशी परवानगी ग्राहकाच्या ड्रॉइंगला किंवा सभासदाच्या कागदपत्रांना कधीही देऊ नये. समोरच्याचा मेल पत्ता घालूनच द्यावी. आणि आपल्याकडे लिंक आली तर फाइल त्याच दिवशी उतरवून दप्तरी ठेवावी, कारण पाठवणाऱ्याने ती गूगल ड्राइव्हवरून काढली की 30 दिवसांनी त्याच्या ट्रॅशमधूनही जाते आणि आपल्या मेलमध्ये नुसता पत्ता उरतो.