आधी त्याचं म्हणणं सांगा

नमस्कार श्रोतेहो.

सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला तुम्ही कधी ना कधी बसला असालच. एक सभासद उठतात आणि म्हणतात, "यंदा हिशेब वेळेवर मिळाला नाही." लगेच खजिनदार विचारतात, "तुम्ही खजिनदार होतात, तेव्हा तरी कुठे मिळाला होता?" हशा पिकतो, दोनचार टाळ्या पडतात. हिशेब मात्र अजून मिळालेला नसतोच.

गौतम ऋषींच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्क आणि वाद यांवरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, या उत्तराला 'मतानुज्ञा' म्हटलं आहे आणि असं उत्तर देणारा हरला असं मानलं आहे. कारण सरळ आहे. 'तुमचंही तसंच' म्हणताना खजिनदारांनी स्वतःची चूक कबूल करून टाकली! दीड हजार वर्षांहून जुना हा ग्रंथ. वादात माणूस कुठे कुठे हरतो, अशा 22 जागा त्यात मोजून दिल्या आहेत. त्यांना निग्रहस्थानं म्हणतात. विषय सोडून भलतीकडे जाणं हे त्यातलं एक. अंगाशी आल्यावर 'मला जरा काम आहे' म्हणून उठून जाणं हेही एक, म्हणजे ही युक्तीसुद्धा आपण शोधलेली नाही.

पण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते 'अननुभाषण'. समोरच्यानं आपलं म्हणणं तीन वेळा सांगितलं, सभेला ते समजलं, आणि तरीही तुम्हाला ते परत मांडता आलं नाही, तर तुम्ही हरलात. तुमचं उत्तर कितीही बिनतोड असो. ज्याचं खंडन करायचं ते आधी नीट उच्चारता आलं पाहिजे. 'आपल्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो' अशी सुरुवात करून समोरच्याच्या तोंडी भलतंच वाक्य घालणाऱ्या माणसापेक्षा, आवाज चढवून का होईना, पण त्याचा मुद्दा बरोबर सांगणारा माणूस मला अधिक सभ्य वाटतो.

आता, ही जुनी मंडळी काही साधुसंत नव्हती. गौतमानं शाब्दिक कोट्या करून, खोडे घालून जिंकण्याची वाटही मोकळी ठेवली आहे. नुकत्याच उगवलेल्या अंकुराभोवती जसं काट्यांचं कुंपण घालतात, तसं सत्याच्या रक्षणासाठी हे चालेल, असं तो म्हणतो. इथे मात्र माझं गौतमाशी जमत नाही. आपल्या काट्यांच्या आत कोवळा अंकुरच आहे, अशी प्रत्येकाची खात्री असते.

यापेक्षा मला चरकसंहिता हा आयुर्वेदाचा ग्रंथ जवळचा वाटतो. त्याच्या 'विमानस्थान' नावाच्या भागात वैद्यांनी आपापसांत चर्चा कशी करावी, याचं सविस्तर प्रकरण आहे. दोन प्रकार सांगितले आहेत, एक मिळूनमिसळून करायची चर्चा आणि दुसरी भांडून. भांडायच्या चर्चेसाठी चरकानं प्रतिस्पर्ध्याला गारद करायचे डावही शिकवले आहेत, तेही बारकाईनं. पण जाणत्या, न रागावणाऱ्या सहकाऱ्याशी बोलताना काय करावं? निर्धास्तपणे विचारावं, विचारलं तर निर्धास्तपणे सांगावं. हरण्याच्या भीतीनं बिचकू नये. समोरचा हरला तर हुरळून जाऊ नये, आणि चारचौघांत त्याची बढाई मारू नये.

हे शेवटचं सगळ्यांत अवघड. दुपारी आपण भाऊजींना राजकारणावरून गप्प केलेलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत ते चार घरी तिखटमीठ लावून सांगूनही झालेलं असतं. मग पुढच्या वेळी भाऊजी बोलतात ते मुद्द्यासाठी नाही, उट्टं काढण्यासाठी. वैद्यांना हे परवडणारं नव्हतं. काल ज्याला हरवलं, त्याचाच सल्ला उद्या एखाद्या अवघड रोग्यासाठी घ्यावा लागायचा.

तुमच्या सोसायटीची पुढची सभा असेल, तेव्हा अध्यक्षांना एक सुचवून बघा. उत्तर देणाऱ्यानं आधी प्रश्न स्वतःच्या शब्दांत सांगायचा, आणि विचारणारा 'हो, मला हेच म्हणायचं होतं' म्हणाला, तरच पुढे बोलायचं. सभा लांबेल. काहींची पहिल्याच वाक्याला अडचण होईल, आणि ती कोणाची होते ते सगळ्यांना दिसेल.

नमस्कार.