वीस आंदोलनं

(दृश्य: टेबलावर दोरा, लोखंडी नट, मोजपट्टी, स्टॉपवॉच. मागे कोरा फळा.)

आज फळ्यावर ना प्रश्न आहे, ना कृती. शिक्षणतज्ज्ञ जोसेफ श्वाब यांनी १९६०च्या दशकात मोकळ्या प्रयोगाच्या पायऱ्या सांगितल्या. कधी प्रश्न आणि पद्धत दोन्ही दिलेली, कधी नुसता प्रश्न, कधी दोन्ही विद्यार्थ्यांनीच शोधायचं. इथे ही शेवटची पायरी आहे.

या तिघा विद्यार्थ्यांनी प्रश्न ठरवलाय: जड दोलक हळू हलतो का?

दोलक म्हणजे ५० सेंटिमीटर दोरा, टोकाला एक नट. आधी एकच आंदोलन, म्हणजे जाऊन परत येणारा एक झोका, मोजलं, पाच वेळा. पाचही आकडे वेगळे. स्टॉपवॉच दाबताना सेकंदाच्या पाचव्या भागाची चूक सहज होते, आणि आंदोलन जेमतेम दीड सेकंदाचं. मग एकीला सुचलं, वीस मोजू आणि विसाने भागू. पुस्तकात ही युक्ती छापलेली असते. इथे ती अडल्यावर सापडली.

वीस आंदोलनं: २८.४ सेकंद.

आता आणखी दोन नट, खाली ३-३ सेंटिमीटरवर. २९.२ सेकंद. पुन्हा मोजलं. तेवढेच.

पुस्तक तर सांगतं, दोलनकाल (एका आंदोलनाला लागणारा वेळ) वस्तुमानावर अवलंबून नसतो!

ठरावीक प्रात्यक्षिकात इथेच खाडाखोड होते. उत्तर आधी माहीत असतं, म्हणून आकडे तिकडे वळवले जातात. याचं फार वाईट वाटतं, कारण खोडलेलं माप बरोबर असतं.

बाई एवढंच विचारतात, "वजनाशिवाय आणखी काय बदललंत?"

बराच वेळ कुणी बोलत नाही. मग एक मुलगी मोजपट्टी उचलते, पहिल्या नटापर्यंत नाही, तिन्ही नटांच्या मध्यापर्यंत मोजते. ५३ सेंटिमीटर. नट लोंबकळत बांधले आणि दोलकच लांब झाला! दोलनकाल लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. त्या हिशेबाने सव्वाएकोणतीस सेकंदांच्या आसपासच यायला हवं.

तिन्ही नट एकाच उंचीवर, घट्ट बांधून पुन्हा. २८.३.

तास संपायला दहा मिनिटं आहेत. तिसरा मुलगा दोरा खूप बाजूला ओढून धरतो. "कोन एवढा घेतला तर?"

६० अंशांच्या झोक्याचा दोलनकाल लहान झोक्यापेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी जास्त असतो. त्याला हे कुणी सांगितलेलं नाही. तो कोनमापक शोधतोय.