गृहीतके कोणी धरायची?

१९८०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील राष्ट्रीय शैक्षणिक चाचणीत तेरा वर्षांच्या विद्यार्थ्यांना विचारण्यात आले: एका बसमध्ये ३६ सैनिक मावतात, तर १,१२८ सैनिकांना नेण्यासाठी किती बसगाड्या लागतील? सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार अचूक केला. पण ३२ हे उत्तर चौथा हिस्सा मुलांनीही दिले नाही. अनेकांनी ‘३१, बाकी १२’ असे लिहिले. उरलेल्या बारा जणांचे काय, हा विचार भागाकार संपल्यावर सुरू होतो आणि गणिती प्रारूपे शिकवणाऱ्या शिक्षकाला तोच विचार मुलांकडून करून घ्यायचा असतो.

प्रत्यक्ष परिस्थिती गणितात मांडायची, ते गणित सोडवायचे आणि आलेले उत्तर पुन्हा परिस्थितीशी ताडून पाहायचे, असा गणिती प्रारूप बनवण्याचा हा प्रवास आहे. यातील सोडवणे शिक्षकाच्या सवयीचे असते. अवघड जाते ते काय धरायचे आणि काय सोडून द्यायचे, हे मुलांना ठरवू देणे.

समजा, ६०० विद्यार्थ्यांची शाळा आग लागल्यास किती वेळात रिकामी होईल, असा प्रश्न वर्गात ठेवला. एका गटाने दोन दरवाजे आणि प्रत्येकातून सेकंदाला एक विद्यार्थी असे धरले, तर उत्तर पाच मिनिटे येते. दुसरा गट जिन्यावरील गर्दीचा हिशेब मांडू लागतो. तिसऱ्याच्या मते एक दरवाजा धुरामुळे बंद असेल, आणि त्याचे उत्तर दहा मिनिटांवर जाते. कोणाची मांडणी कोठे पोहोचेल हे आधी ठाऊक नसताना शिक्षकाला या सर्वांचे ऐकून घ्यावे लागते. ज्याने स्वतः प्रत्येक उदाहरणाचे उत्तर पुस्तकाच्या शेवटी पाहून पडताळले, त्याच्याकडून प्रशिक्षणाशिवाय ही अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

तास संपत आला की ‘दोन दरवाजे धरा’ असे सांगून टाकण्याचा मोह होतो. तसे सांगितले की मुलांच्या हाती केवळ भागाकाराचे उदाहरण उरते. काहीच न सांगितल्यास मुले भरकटतात. ‘सेकंदाला एक, हे कशावरून?’ एवढे विचारून थांबणे अधिक उपयोगी ठरते, कारण ते दारापाशी घड्याळ लावून मोजता येते.

गुणदानाचा प्रश्न याहून चिवट आहे. पाच आणि दहा मिनिटे ही दोन्ही उत्तरे ग्राह्य असू शकतात, म्हणून गुण गृहीतकांच्या समर्थनाला आणि पडताळणीला द्यावे लागतात. परीक्षेत मात्र एकच उत्तर बरोबर धरले जात असेल, तर दारापाशी मोजणीत घालवलेल्या तासाचा जाब शिक्षकालाच द्यावा लागतो.