'मर रोगास प्रतिकारक' : पण कोणत्या मरीला?

नमस्कार मंडळी. हे टोमॅटोच्या बियाण्याचं पाकीट. मागं बघा, बारीक अक्षरात छापलंय, 'एफओएल : ०, १'. नारायणगाव, मंचरकडे रोपं बुक करताना आपण पुढचं 'मर रोगास प्रतिकारक' तेवढं वाचतो. खरी माहिती मात्र या आकड्यांत आहे.

एफओएल म्हणजे टोमॅटोवर मर आणणारी फ्युजेरियम बुरशी. तिच्या तीन रेस, म्हणजे उपप्रकार, आहेत, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या वेगळ्या ओळखूच येत नाहीत. मग काय करतात? टोमॅटोची रोपंच साक्षीला बसवतात. एका ओळीत प्रतिकाराचं एकही जनुक नसलेला वाण, दुसरीत 'आय' जनुकाचा, तिसरीत 'आय-२', चौथीत 'आय-३'. मुळं बीजाणूंच्या पाण्यात बुडवायची, रोपं लावायची आणि वाट बघायची. फक्त पहिली ओळ मेली तर रेस ०. 'आय'वालीही मेली तर रेस १. 'आय-२'वालीही गेली तर रेस २. म्हणजे या पाकिटातला वाण रेस ० आणि १ ला तोंड देतो, रेस २ ला नाही.

आता मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट. 'आय-२' जनुक असलेलं झाड बुरशीला तिच्या एका प्रथिनावरून ओळखतं. रेस २ मध्ये त्या प्रथिनात एकाच अमिनो आम्लाचा बदल झालेला असतो. तेवढ्यानं झाडाला शत्रू ओळखू येत नाही! म्हणून रेस २ साठी पैदासकाराला 'आय-३' आणावं लागतं.

आकड्यांचा घोळही लक्षात ठेवा. अमेरिकेत याच तीन रेसना १, २, ३ म्हणत आले. म्हणजे तिकडची 'रेस २' ही या पाकिटावरची १.

विषाणूंचंही तसंच. २०२० मध्ये आपल्याकडे टोमॅटोवर 'तिरंगा' नावाचा रोग आला. बंगळुरूच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेच्या तपासणीत मुख्यतः कुकुंबर मोझॅक व्हायरस सापडला. तो मावा पसरवतो. पांढऱ्या माशीतून येणाऱ्या लीफ कर्लला, म्हणजे पानं वळवणाऱ्या विषाणूला, तोंड देणारं 'टीवाय' जनुक त्याच्यापुढे उपयोगाचं नाही.

तेव्हा शेतात मर दिसली की आधी खोड कापून तुकडा स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरा. दुधासारखी धार सुटली तर ती जिवाणूजन्य मर, तिथं एफओएलचे आकडे कामाचे नाहीत. धार नाही आणि खोड आतून तपकिरी असेल, तर फ्युजेरियमचा संशय धरून नमुना नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्राला किंवा पुण्याच्या कृषी महाविद्यालयात वनस्पती रोगशास्त्र विभागाला दाखवा. झाड अर्धवट सुकलेलं, मुळासकट, कागदात गुंडाळून न्या. पूर्ण वाळलेल्या झाडावर दुसऱ्याच बुरश्या वाढलेल्या असतात.