समुद्र ओलांडणारा चतुर

श्रोतेहो, नमस्कार.

गणपतीच्या सुमारास पावसाने उघडीप दिली की माळावर, भाताच्या खाचरांवर, शहरात खेळाच्या मैदानांवर पिवळसर-तांबूस चतुरांचे थवे घिरट्या घालताना दिसतात. हाच तो समुद्र ओलांडणारा चतुर, शास्त्रीय नाव पँटाला फ्लॅव्हेसेन्स. लांबी जेमतेम पाच सेंटिमीटर, पण मागचे पंख बुडाशी चांगले रुंद. त्यामुळे पंख फारसे न हलवता वाऱ्यावर तरंगत राहणं त्याला जमतं.

मालदीवमध्ये राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांना एक कोडं पडलं होतं. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये मालदीवच्या राजधानीत, मालेत, असंख्य चतुर उतरतात. ही बेटं तर प्रवाळांची. पावसाचं पाणी मुरून जातं, गोड्या पाण्याची तळी जवळपास नाहीतच. मग हे जन्मले कुठे? अँडरसन यांनी वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या आणि २००९ साली मांडलं, की हे चतुर भारताकडून येतात आणि पूर्व आफ्रिकेकडे जातात. त्या दिवसांत मालेत खालचा वारा उलटा, पश्चिमेकडून असतो. हजारभर मीटर वर मात्र तो ईशान्येकडून वाहतो. चतुर तोच वरचा वारा धरतात.

जाऊन-येऊन हा फेरा १४,००० ते १८,००० किलोमीटरचा, असा त्यांचा अंदाज. तो एकटा चतुर पुरा करत नाही. साधारण चार पिढ्या लागतात. आणि प्रत्येक पिढीला हवं असतं एक डबकं.

मादी उडता उडता शेपटीचं टोक पाण्याला टेकवते, अंडी सोडते, पुन्हा टेकवते. चकाकणारा मोटारीचा पत्राही तिला पाणी वाटतो. पिल्लू पाण्यात वाढतं. त्याचा खालचा ओठ घडी घालून तोंडाखाली दुमडलेला असतो. डासाची अळी टप्प्यात आली की तो झटक्यात पुढे येतो आणि अळी पकडली जाते. मोठ्या तळ्यात मासे या पिल्लांना खातात, म्हणून पावसाळी डबकं बरं. पण ते आटायच्या आत पंख फुटायला हवेत. सहा-सात आठवड्यांत सगळं उरकावं लागतं. डबकं दिसलं की बुजवायचं, ही आपली सवय. निदान माळावरची, सड्यावरची डबकी तरी राहू द्यावीत, असं मला मनापासून वाटतं.

पुढे नोव्हेंबरच्या आसपास अमूर ससाणे नागालँडहून निघून भारत ओलांडतात आणि अरबी समुद्रावरून आफ्रिका गाठतात. वाटेत ते याच चतुरांवर पोट भरत असावेत, असा अँडरसन यांचा कयास आहे. ससाण्याच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारं यंत्र बसवता येतं. चतुराला ते कसं पेलणार? त्याच्या बाबतीत संशोधकांनी पंखच तपासले. पिल्लू ज्या पाण्यात वाढतं, त्या पाण्यातल्या हायड्रोजनची खूण पंखांत कायम राहते, आणि ती प्रदेशागणिक वेगळी असते. मालदीवच्या चतुरांची ती खूण २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जुळवून पाहिली, तर ती दक्षिण भारताशी जुळेना. ती जुळली उत्तर भारताशी, नेपाळशी.