लॅपटॉप मुका झाला तर? बोलणारा पेन ड्राइव्ह आजच करून ठेवा

नमस्कार. माझ्या हातात एक पेन ड्राइव्ह आहे. मला दिसत नाही आणि हा व्हिडिओ ऐकणाऱ्या बऱ्याच जणांनाही दिसत नाही, म्हणून कॅमेऱ्यासमोर जे जे करेन ते बोलूनही सांगणार आहे. या पेन ड्राइव्हच्या टोकाला मी एम-सीलचा एक छोटा गोळा चिकटवलाय. बॅगेत चार पेन ड्राइव्ह असले तरी हा बोटाला लगेच कळतो. आणि तो कळायलाच हवा, कारण हा लागतो तेव्हा दुसरं काहीच बोलत नसतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळी लॅपटॉप चालू केला. पंख्याचा आवाज आला, तळ गरम व्हायला लागला, पण एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा माझा स्क्रीन रीडर, काही बोलेना. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पडद्यावर काही एरर आहे, अपडेट चाललंय की नुसता काळा पडदा आहे, काही कळायला मार्ग नाही. एनव्हीडीए हा मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातल्या दोघा अंध मित्रांचा प्रकल्प. 2006 साली मायकेल करननं त्याची सुरुवात केली, आणि आपल्यातल्या कितीतरी जणांचं शिक्षण आणि नोकरी त्यावर उभी आहे. पण तो विंडोजच्या आत राहतो. विंडोजच उठली नाही तर तो कुठून बोलणार?

मी लॅपटॉप दुकानात नेला. ते म्हणाले, "मॅडम, फॉरमॅट मारावा लागेल, आणि पासवर्ड लिहून द्या." माझ्या बँकेची कागदपत्रं, पत्रं, आईच्या आवाजातली रेकॉर्डिंग, सगळं त्यात. तो पासवर्ड कागदावर लिहून देताना मला जे वाटलं ते मी विसरलेले नाही. त्यानंतर मी हे शिकले.

तर गोष्ट अशी. कॉम्प्युटर पेन ड्राइव्हवरूनही सुरू होऊ शकतो. त्या पेन ड्राइव्हवर एक अख्खी वेगळी सिस्टिम असते. ती आतल्या डिस्कला हात न लावता मेमरीत चालते, आणि तिच्यात स्क्रीन रीडर असतो. तिथून तुम्ही तुमच्या फायली दुसऱ्या डिस्कवर काढून घेता. मग खुशाल फॉरमॅट मारा.

ही कल्पना जुनी आहे. जर्मनीतल्या क्लाउस क्नॉपर यांनी 2000 साली क्नॉपिक्स नावाची लिनक्स काढली, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी सिस्टिम, आणि तीही सीडीवरून थेट चालणारी. पुढे त्यांनी तिच्यात एक बोलणारा मेनू घातला. त्यांच्या पत्नीला नीट दिसत नाही, तिला एकटीला कॉम्प्युटर वापरता यावा म्हणून. तिचं नाव आद्रियाने, आणि त्या मेनूचं नावही आद्रियाने. घरातल्या एका माणसाच्या गरजेतून निघालेली वस्तू जगभर पोचली, याचं मला फार अप्रूप आहे.

आज मी मात्र तुम्हाला उबुंटू नावाची लिनक्स घ्यायला सांगेन. सांगते का ते. आर्च लिनक्सच्या आयएसओमध्ये, म्हणजे पेन ड्राइव्हवर लिहायच्या अख्ख्या सिस्टिमच्या फाइलमध्ये, बोलणारा पर्याय आहे, दुरुस्तीची हत्यारंही भरपूर आहेत. पण सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणारं कुलूप, चालू असताना ती सुरू होत नाही. म्हणजे आधी बायोसमध्ये, विंडोजच्याही आधी येणाऱ्या लॅपटॉपच्या सेटिंग्जमध्ये, जाऊन ते बंद करा, आणि बायोस तर बोलतच नाही. डेबियन ही आणखी एक लिनक्स. तिच्या इन्स्टॉलरचा, म्हणजे ती डिस्कवर बसवणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेनू आला की बीप वाजतो, एस आणि एंटर दाबलं की तो बोलायला लागतो. फार छान सोय आहे. पण तो इन्स्टॉलर आहे, घाईत चुकीच्या ठिकाणी एंटर पडला तर डिस्क पुसण्यापर्यंत मजल जाऊ शकते. उबुंटू सिक्युअर बूटसह चालते, आणि तिच्या सुरुवातीच्या मेनूत काही दाबलं नाही तरी अर्ध्या मिनिटानं ती आपणहून पुढे जाते. न दिसणाऱ्या मेनूत काही दाबावं न लागणं, हे आपल्यासाठी किती मोलाचं आहे ते वेगळं सांगायला नको.

पेन ड्राइव्ह बनवणं सोपं आहे. सोळा जीबीचा घ्या. चालू असलेल्या विंडोजवर, एनव्हीडीए बोलत असताना, उबुंटू डेस्कटॉपची आयएसओ उतरवा आणि रुफस या प्रोग्रॅमनं पेन ड्राइव्हवर लिहा. रुफसमध्ये पहिल्या यादीत कोणता ड्राइव्ह निवडलाय ते दोनदा ऐका, कारण तो पूर्ण पुसला जातो. एकाच पेन ड्राइव्हवर पाच-सहा आयएसओ ठेवायची सोयही मिळते, पण मी ती घेत नाही. तिचा मेनू मुका असतो.

आता खरी अडचण. लॅपटॉपला सांगायचं कसं, की आतल्या डिस्कऐवजी पेन ड्राइव्हवरून उठ? डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ-12, एचपीवर एफ-9, आसुसवर एस्केप. ते दाबलं की एक यादी येते आणि ती यादी मुकी. बरेच जण म्हणतात, बाण किती वेळा दाबायचा ते मोजून ठेवा. मीही तेच करायचे. पण मागे एक जास्तीची डिस्क जोडलेली असली की यादी बदलते आणि तुमची मोजणी गेली.

म्हणून मी एकदाच, डोळस माणसाला शेजारी बसवून, बायोसमधल्या बूटच्या यादीत, म्हणजे लॅपटॉपनं कशावरून आधी उठायचं त्या क्रमात, यूएसबी सगळ्यात वर आणून ठेवली. माझा भाचा आला होता. तो वाचत गेला, "मावशी, पट्टी आता बूटवर आहे. आता खाली. अजून एकदा खाली. हां, थांब." बटणं मीच दाबली. पंधरा मिनिटांचं काम. त्या दिवसापासून पेन ड्राइव्ह लावला की लॅपटॉप त्यावरून उठतो, काढला की विंडोज. घरात कोणी नसेल तर बी माय आइज अ‍ॅपवर व्हिडिओ कॉल लावा, फोनचा कॅमेरा पडद्यासमोर धरा, कोणी स्वयंसेवक वाचून दाखवेल. यात एक धोका आहेच: यूएसबी वर असेल तर लॅपटॉप ज्याच्या हातात पडेल तोही तुमच्यासारखाच पेन ड्राइव्ह लावू शकतो. म्हणून डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, असणं बरं.

आणि ती एन्क्रिप्ट असेल तर बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या एन्क्रिप्शनची, रिकव्हरी की हवीच. 48 आकडे आहेत. ती नसेल तर जगातला कोणताही पेन ड्राइव्ह उपयोगाचा नाही. बायोसला हात लावायच्या आधीच, आज, ती शोधा. बहुतेकांची मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती फोनमध्ये साध्या मजकुरात ठेवा, फोटो नको, कारण फोटोतले आकडे नीट वाचले जातीलच असं नाही. आणि व्हिडिओ कॉलवरच्या अनोळखी माणसाला ती कधीही दाखवू नका.

समजा, वेळ आली. पेन ड्राइव्ह लावला, लॅपटॉप चालू केला. आता थांबायचं. मी घड्याळ लावून तीन मिनिटं थांबते, घाई केली की चुकतं. मग विंडोजचं बटण, ऑल्ट आणि एस, तिन्ही एकत्र. ऑर्का नावाचा स्क्रीन रीडर सुरू होतो. बोलला नाही तर घाबरू नका. पुष्कळदा आवाज एचडीएमआयकडे, म्हणजे टीव्ही जोडायच्या खोबणीकडे, गेलेला असतो. साधा यूएसबी हेडफोन लावा आणि परत तीच बटणं. माझ्या डब्यात एक यूएसबी हेडफोन याच कामासाठी ठेवलेला असतो.

समोर इन्स्टॉलर उघडा असेल तर तो ऑल्ट-एफ-4 नं बंद करा. आपल्याला काही इन्स्टॉल करायचं नाही. मग फाइल्स नावाचं अ‍ॅप उघडा. डाव्या यादीत आतली डिस्क असते, तिच्यावर एंटर. बिटलॉकर असेल तर इथे ती की विचारली जाते. पुढचं तुम्हाला येतंच: कंट्रोल-सी, आणि बाहेरच्या डिस्कवर कंट्रोल-व्ही.

डिस्क उघडत नसेल तर बहुधा विंडोज नीट बंद झालेली नसते. कंट्रोल-ऑल्ट-टी नं टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडा. एलएसबीएलके ही आज्ञा दिली की डिस्कच्या भागांची यादी मिळते. मग सुडो माउंट, वजा ओ, आरओ, पुढे त्या भागाचं नाव आणि एमएनटी फोल्डर. आरओ म्हणजे फक्त वाचायचं, लिहायचं नाही. हा दोन अक्षरी शब्द विसरू नका, त्यामुळे आतल्या डिस्कवर काही बदलत नाही. स्पेलिंगसह आज्ञा व्हिडिओच्या खाली लिहिल्यात. एक मात्र ऐका: जुन्या डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर परत परत चालू करू नका. तो आवाज आपल्याला डोळस माणसाआधी कळतो. एकदाच चालू करा, सगळ्यात महत्त्वाचं फोल्डर आधी काढा.

मराठीत नावं दिलेल्या फायली इंग्रजी आवाज नीट वाचत नाही. इन्सर्ट-स्पेस दाबलं की ऑर्काच्या सेटिंग्ज उघडतात. तिथे भाषा मराठी करा. ऑर्का ज्यातून बोलतो त्या ई-स्पीकचा मराठी आवाज रुक्ष आहे, पण "आईची पत्रं" हे फोल्डर त्यानं वाचून दाखवलं तेव्हा मला तो गोड वाटला.

चला, आता करून दाखवते. लॅपटॉप बंद आहे. पेन ड्राइव्ह लावते, एम-सीलची बाजू माझ्याकडे. पॉवर बटण दाबलं. पंखा फिरला.

[तीन मिनिटांची प्रतीक्षा संपादनात कापली आहे.]

विंडोज, ऑल्ट, एस.

ऐकलंत? "स्क्रीन रीडर ऑन."